उताराच्या शेतवाटेसाठी क्वाड घ्यावी, जिम्नी, थार की जुनी जिप्सी? (कन्नड, सातमाळा)

सातमाळेकर

राम राम मंडळी. दोन वर्षं नुसता वाचक आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

शेत कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या कुशीत. घर, विहीर, गोठा खाली. साडेचार एकर सीताफळ आणि केसर आंब्याची पन्नासेक झाडं वरच्या सपाटीवर. मधली वाट दीड किलोमीटर. आजोबांच्या काळी बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून माल खाली यायचा, त्या खुरांनी पडलेली वाट. दोन्ही अंगाला साग, धावडा, सालई. खाली मुरूम, मधे एक काळ्या मातीचा पट्टा, वर उघडा खडक. मोबाईलवर उतार मोजला. बहुतेक ठिकाणी १२ ते १४ अंश, दोन जागी २० च्या पुढे, आणि शेवटच्या वळणावर २२.

आतापर्यंत माल मोटरसायकलवर दोन-दोन कॅरेट करून किंवा डोक्यावर. मागच्या भाद्रपदात चुलतभाऊ गाडीसकट घसरला, मनगट मोडलं. घरात एकमत झालं की आता चारचाकी पाहिजे. कोणती, यावर मात्र घरात चार माणसं आणि पाच मतं.

मला क्वाड हवी (मोटरसायकलसारखं हँडल आणि चार मऊ, जाड टायर असलेली छोटी उघडी गाडी). एका रिसॉर्टवर चालवली होती, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. भाऊ थार म्हणतो (कारण उघड आहे, लग्न ठरायचंय). वडील म्हणतात छोटा फोर व्हील ट्रॅक्टर घ्या, कामाला तरी येईल. बजेट ताणून आठ लाख. सीझनला रोज पंधरा कॅरेट खाली आणायचे असतात, वीस किलोचं एक. काय घ्यावं?

भटका_भोकरदन

थार. डोळे झाकून. १५० ची पॉवर, मागचं डिफरन्शियल आपोआप लॉक होतं (एक चाक नुसतं फिरायला लागलं तरी दुसरं ओढतं), २२६ मिमी ग्राउंड क्लिअरन्स, ६५० मिमी पाण्यातून जाते. २०२० च्या २ ऑक्टोबरला आली तेव्हाच मी बुक केली. उतारावर हिल डिसेंट (गाडी स्वतःच ब्रेक धरत हळू उतरते) लावायचं आणि पाय काढून बसायचं. सेकंडहँड शोधा, बजेटात बसेल.

मुरूम_आणि_माती

थांबा. वाटेची रुंदी कुणीच विचारली नाही. सातमाळेकर, सगळ्यात अरुंद जागी टेप लावा आणि आकडा टाका. मग थारचं बघू.

सातमाळेकर

आत्ता मोजून आलो. वरून चौथ्या वळणावर दोन जुने साग समोरासमोर आहेत. छातीच्या उंचीवर मधलं अंतर १७२ सेंटिमीटर.

मुरूम_आणि_माती

झालं की मग. थारची रुंदी १८२ सेंटिमीटर. लग्नाला भाड्याने आणा.

जिम्नी एकशे साडेचौसष्ट, म्हणजे १६४.५. जुनी जिप्सी १५४. क्वाड साधारण १२०-१२२. आरसे यात धरलेले नाहीत.

साग तोडू म्हणाल तर तेही सोपं नाही. मालकीच्या जमिनीतला असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. त्या भानगडीत एक सीझन जाईल.

आणि एक. १७२ हा आकडा खरा नाही. तुम्ही टेप आडवी धरली, पण वाट तिथे आडवी आहे का? डोंगराच्या कुशीतली वाट खालच्या अंगाला कललेली असते. गाडी १० अंश जरी कलली तरी पावणेदोन मीटर उंचीचं छत खालच्या बाजूला फूटभर सरकतं. चाकं सागामधून सुखरूप जातात आणि छताचा कोपरा खोडाला लागतो. आमच्या एका बंधाऱ्याच्या साइटवर पिकअपच्या केबिनचा कान असाच गेला होता. त्या सागापाशी वाटेचा कल किती आहे ते बघा.

सातमाळेकर

कल ८ अंश, खालच्या अंगाला. हे डोक्यातच नव्हतं.

बालाघाटची

सातमाळेकर दादा, मी धारूरकडची. आमचीही सीताफळाची बाग डोंगरावर आहे आणि तीन वर्षांपासून दारात क्वाड आहे. कंपनीचं नाव घेत नाही. गाडी वाईट नाही, पण आम्ही ती घेताना जे विचारायला पाहिजे होतं ते विचारलं नाही.

आधी चांगलं सांगते. एकट्या माणसाला फवारणीचा पंप, खताच्या दोन गोण्या आणि डबा घेऊन वर जायला तिच्यासारखं वाहन नाही. जिथून शेळी जाते तिथून ती जाते. टायरात हवा फक्त पाच ते सात पीएसआय, लहान पोराच्या चेंडूसारखी मऊ. त्यामुळे दगडावर चिकटून चालते, बागेतली जमीनही दाबत नाही.

आता वजनाचं. पोलारिस स्पोर्ट्समन ५७० सारख्या गाडीला पुढच्या कॅरिअरवर ४१ किलो आणि मागच्यावर ८२ किलो. बाकी कंपन्यांचेही आकडे याच्या आसपासच. म्हणजे पुढे दोन कॅरेट, मागे चार. पंधरा कॅरेटला तीन खेपा, आणि तुमच्या वाटेवर एका खेपेला जाऊन-येऊन पाऊण तास धरा.

आम्ही शहाणपणा करून मागे सहा बांधले. चढावर नव्हे, उतरल्यावर पुन्हा एका छोट्या चढावर, नाल्याच्या काठाला. पुढची चाकं हलकी झाली. हँडल वळवते तर गाडी वळेना. मी वरच्या अंगाला उडी मारली, गाडी मागे बसली आणि आडवी झाली. मला खरचटलं तेवढंच. सीताफळं मात्र नाल्यात गडगडत गेली आणि शेजाऱ्याच्या शेळ्यांनी डोळ्यादेखत खाल्ली. सासूबाई अजून म्हणतात, शेळ्यांना इतकं महागाचं खाद्य कुणी घातलं नाही.

किनवटकर

ताई, जिवावर बेतलं होतं, हसायचं नाही. पण हसलो.

मी किनवटचा. सागाच्या राज्यात ऱ्हातो म्हणून एक गोष्ट सांगायलोय, ती शहरातल्या गाडीवाल्यांना कळत नाही. सातमाळेकर, तुम्ही उतार कोणत्या महिन्यात मोजला? फेब्रुवारीनंतर सागाची पानं गळतात. ताटाएवढं पान, वाळून पापडासारखं. एकावर एक पडून वाटेवर थर बसतो. त्याच्यावर चाक चढलं की पान पानावरून घसरतं, खाली मुरूम असून उपयोग नाही. चिखलात घसरतंय हे सगळ्यांना माहिती हाय, पण कोरड्या पानावर कसं घसरतंय ते एकदा बघून घ्या. आमची जुनी डिझेल जीप त्या वजनाची असूनही एप्रिलमध्ये सागाखालून उतरताना आडवी सरकती.

दुसरं, आग. क्वाडचा सायलेन्सर खाली असतो. खालच्या जागेत वाळलेली पानं अडकून तापतात. फेब्रुवारी ते जून आमच्याकडे जंगलात वणवा लागायचा काळ. गाडी थांबवली की खाली वाकून हात घालून पानं काढायची, ही सवयच लावून घ्या. जीपला पण तेच.

परदेशी_परभणीकर

मूळचा परभणीचा, सध्या अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात. इथे क्वाड म्हणजे आपल्याकडची टू-व्हीलर, घरोघरी. डोंगर, दाट झाडी, ओली माती. हॅटफील्ड-मकॉय नावाचं वाटांचं जाळं आहे, २००० साली सुरू झालं, आता १,६०० किलोमीटरपेक्षा जास्त. वाटांना रंग दिलेत, हिरवी सोपी, निळी मधली, काळी अवघड. हेल्मेट सक्तीचं, परवाना काढावा लागतो. दर शनिवारी मी तिथे असतो (बायको याला दुसरं लग्न म्हणते).

सातमाळेकर, क्वाड घ्यायचीच असेल तर चढाचा विचार सोडा. चढ सगळ्याच चढतात. उतारावर इंजिन गाडीला किती धरून ठेवतं, यात खरा फरक आहे.

होंडाच्या कामाच्या क्वाडमध्ये, रँचर, फोरमन वगैरे, इंजिनाची ताकद चाकांना द्यायला रबरी बेल्ट नाही, गिअर आहेत. इंजिन आणि चाक यांचा संबंध सुटत नाही, त्यामुळे गाडी मोटरसायकलसारखी गुरगुरत उतरते. १९८६ मध्ये पहिली फोर बाय फोर क्वाड होंडानेच आणली, ती शेतकामासाठीच होती. यामाहा ग्रिझलीत बेल्ट आहे, पण आत एकाच दिशेला पकडणारा एक क्लच बसवलाय, त्यामुळे सुटलेलं अॅक्सिलरेटरसुद्धा चारही चाकांना ओढून धरतं. उतारासाठी माझी आवडती हीच. पोलारिसमध्ये मागची चाकं घसरायला लागली की पुढची आपोआप कामाला लागतात. चढाला झकास. पण उतरताना पुढची चाकं इंजिनाला बांधलेली नसतात, सगळा भार मागच्यांवर येतो, आणि उतारावर मागची चाकं आधीच हलकी झालेली असतात. काही मॉडेलमध्ये त्यासाठी उताराचं वेगळं बटण असतं. घेताना ते आहे की नाही हे विचारा, ब्रोशर वाचून समाधान मानू नका.

बालाघाटची

हेच. आम्हाला विकणाऱ्याने पॉवर किती, रंग कोणता, एवढंच सांगितलं. उतरताना काय करायचं याबद्दल अवाक्षर नाही.

आणि बेल्टचं ऐका. पहिल्याच महिन्यात जळका वास यायला लागला. रबर करपल्याचा, सायकलच्या ट्यूबला पॅच मारताना येतो तसला. आम्ही हाय रेंजमध्येच हळूहळू चढवत होतो. वेग कमी आणि ओझं जास्त असलं की बेल्ट पुलीवर घसरतो आणि तापतो. लो (हळू पण ताकदीचा गिअर) टाकूनच चढायचं, हे वर्षभराने एका माणसाने सांगितलं तेव्हा कळलं. तोवर बेल्ट गेला होता. तो यायला दोन महिने लागले, ऐन सीझनात. दोन महिने परत डोक्यावर.

आडवाट

थोडं कायद्याचं. नेहमीचा कंटाळवाणा माणूस मीच.

सर्वसाधारण क्वाडला रस्त्यावर चालवायची नोंदणी मिळत नाही. पोलारिसने ट्रॅक्टर म्हणून नोंद होणारी स्पोर्ट्समन ५७० भारतात आणली होती, पण बाकीच्या बहुतेक खाजगी जागेपुरत्याच. सातमाळेकर, तुमचं घर ते वाटेची सुरुवात, मधे जिल्हा परिषदेचा रस्ता लागतो का? लागत असेल तर नोंदणी नसलेल्या गाडीने तो तीनशे मीटरही ओलांडून जाता येत नाही. अपघात झाला तर विम्याचं नावही निघणार नाही.

आणि जंगल. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ चं, २६० चौरस किलोमीटरचं, तुमच्याच बाजूचं. वाट मालकीची म्हणता, ठीक. तरी सातबारा आणि गावनकाशा समोर ठेवून खात्री करा, वाट मधेच हद्दीत घुसत नाही ना. अभयारण्यात शिरायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगी लागते, आणि गाडी घेऊन तर लागतेच. नुसता फेरफटका म्हणून आत घालायचा विचारही करू नका. तिथे बिबटे आहेत, आणि त्यांना तुमच्या सायलेन्सरची काही हौस नाही.

भटका_भोकरदन

औट्रम म्हणजे तोच ना, इंग्रज अधिकारी? लहानपणी मला वाटायचं ऑट्रम हे कुठल्या झाडाचं नाव आहे.

आडवाट

तोच. जेम्स औट्रम, खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा. २०२१ च्या ऑगस्टअखेर त्याच घाटात दरडी कोसळल्या होत्या. घाट डांबरी असून ही गत, तर आपल्या बैलवाटेचं काय होईल याचा विचार करा.

सातमाळेकर

गावनकाशा बघितला. वाट पूर्ण आमच्याच गटातून जाते, हद्द चारशे फूट वर आहे. पण जिल्हा परिषदेचा रस्ता लागतो, सव्वाशे मीटर. म्हणजे क्वाडचा एक पाय तिथेच लंगडा झाला.

ट्रॉलीचं काय? क्वाडला ट्रॉली लावली तर पंधरा कॅरेट एका खेपेत येतील ना? कंपन्या तर साडेपाचशे किलो ओढते म्हणतात.

मुरूम_आणि_माती

ओढते. सपाटीवर.

हिशेब सोपा आहे. २० अंशांच्या उतारावर कुठल्याही ओझ्याच्या वजनाचा एकतृतीयांशाहून थोडा जास्त भाग खाली ढकलत असतो. पाचशे किलोची ट्रॉली म्हणजे मागून १७० किलोचा धक्का, सतत. क्वाडचं स्वतःचं वजन तीनशे-सव्वातीनशे किलो, वर तुम्ही. तिला स्वतःलाच खाली ओढणारी ताकद आहे, त्यात हा धक्का. वळणावर ट्रॉली सरळ जाणार, गाडी वळणार, आणि दोघांची कैची होणार. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर हा विषय बंद करा.

वडिलांच्या ट्रॅक्टरलाही हेच लागू. जिवो किंवा कुबोटाचे २४ एचपीचे फोर व्हील ट्रॅक्टर बागेत सोन्यासारखे आहेत, पण २२ अंशांच्या वळणावर ट्रॉली लावून उतरायचं वाहन नव्हे ते. २२ अंश म्हणजे शंभराला ४० चा उतार. डोंगरी रस्त्याच्या मानकात साधारण ५ टक्के धरतात, अगदीच नाइलाज असेल तर ७. तुम्ही रस्ता समजताय, ती भिंत आहे.

गॅरेजवाला_लातूर

लई वेळ वाचायलोय, आता बोलतो.

भाऊ, क्वाडचं खूळ काढा. वाईट म्हणून नव्हे. बिघडली तर तुम्ही कुणाकडं जाणार? कन्नडमध्ये कोणता मिस्त्री ती उघडणार? जिप्सीचा पार्ट मला रात्री फोन केला तर सकाळच्या एसटीनं पाठवतो. १९८५ पासून आलेली गाडी, खेड्यातल्या मिस्त्रीलाबी पाठ.

९८५ किलो वजन, १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, चारही बाजूला पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), लो गिअर. इलेक्ट्रॉनिक काही नाही, म्हणजे जळण्यासारखं काही नाही. तोटे पण सांगतो. पाट्यामुळं खडखडते, सीताफळ आदळतंय. एक चाक हवेत गेलं की तेच गरगर फिरतंय, लॉक नाही. तेव्हा डाव्या पायानं ब्रेक हलकासा दाबून धरायचा, फिरणाऱ्या चाकाला जरा ओढ बसली की दुसरं पकडतंय. ते कसब शिकावं लागतंय.

जिम्नी चांगली हाय. जून २०२३ ला आली, लो गिअर हाय, कॉईल स्प्रिंगा हायेत, फिरणारं चाक ब्रेकनं स्वतःच धरून ठेवते. पण नवी गाडी सागाला घासली तर तुमचा जीव खाली-वर होणार. जुन्या जिप्सीला घासलं तर तिला फरक नाही पडत, तुम्हालाबी नाही.

घेताना काय बघायचं: मागच्या पाट्याच्या शॅकलजवळ चेसिसला हात फिरवा, गंजून पत्र्याचा पापुद्रा निघतो का ते. पुढच्या चाकांच्या गोळ्यातून ग्रीस गळतंय का. लोला टाकून उतारावर सोडा आणि अॅक्सिलरेटर एकदम सोडा, गिअर बाहेर उडी मारत असेल तर हात जोडून परत या. लिलावातली गाडी असली तर कागद आधी, चहा नंतर. पंधरा वर्षं झाली असतील तर पुनर्नोंदणी झाली हाय का ते बघा.

भटका_भोकरदन

बरं, माझी थार हरली. पण मित्राची जिम्नी आहे, चाळीसगावला. रविवारी घेऊन येतो, सातमाळेकरांच्या वाटेवर प्रत्यक्षच बघू. जेवण तुमच्याकडे.

परदेशी_परभणीकर

फोटो टाका. इथे रात्र होते तेव्हा तुमची सकाळ, मी जागा आहे.

सातमाळेकर

रविवारचा वृत्तांत. उशीर झाला, क्षमस्व, जेवणच लांबलं.

आधी सगळे पायी वर गेलो. भटकाभाऊंनी टायरातली हवा अठरा पीएसआयवर आणली. मग चार चाकी लो टाकून पहिल्या गिअरात वर. खरं सांगतो, चढाला मला भीती वाटायची होती तेवढी वाटली नाही. काळ्या मातीच्या पट्ट्यात मागचं चाक एकदा फिरलं, ब्रेकने टकटक आवाज करून धरलं, गाडी पुढे गेली. सागापाशी आरसे मिटले, एक माणूस पुढे, एक मागे. मुरूमभाऊंनी सांगितलं तेच घडलं. चाकांना दोन्ही बाजूला जागा होती आणि छताची डावी कड सागाच्या सालीला टेकली. भटकाभाऊंचा मित्र आत बसून घामाघूम. तिथून मागे घेतली.

मागे घेताना शिकलो ते सांगतो. वाटेत अडलो तर वळवायचं नाही. सरळ मागे, रिव्हर्समध्ये, लोमध्येच, क्लचवरून पाय काढून. वळवायला गेलो तर गाडी उताराला आडवी होते आणि मग ती आपली राहत नाही.

वडील खाली दगडावर बसून बघत होते. म्हणाले, "वाट बैलाची, तिच्यावर मोटार कशी चालंल? आधी वाट मोटारीची करा."

मुरूम_आणि_माती

काकांना नमस्कार सांगा. चार दिवस मी जे टाइप करायला बघत होतो ते त्यांनी एका दमात सांगितलं.

आठातले दीड लाख वाटेवर घाला. सागापाशी खालच्या अंगाला दगडाची कोरडी भिंत, आतून मुरूम भरून चोपून काढा, कल शून्यावर आणा. काळ्या मातीच्या पट्ट्यात दगडी सोलिंग, वर मुरूम. काळी माती पावसात फुगते, नुसता मुरूम टाकला तर पहिल्या आषाढात गिळून टाकेल. आणि दर वीस-पंचवीस मीटरवर तिरका उंचवटा, पाणी वाटेवरून न वाहता बाजूला जाईल असा. हे नाही केलं तर गाडी कोणतीही घ्या, दोन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होईल.

किनवटकर

आणि वळणाच्या आतल्या अंगाची माती काढून बाहेर टाकू नका, सैल भर राहती. बाहेरच्या चाकाखालची माती खचून आमचा एक ट्रॅक्टर गेलाय, चालक वाचला ते नशीब.

बालाघाटची

दादा, सीताफळाचंही बघा. पाट्यांची गाडी घेतली तर डोळे उघडलेलं फळ गाडीत घालूच नका, डोळे फाकायच्या आधीच काढा, म्हणजे धक्का सहन होतो. कॅरेटच्या तळाला केळीची वाळलेली पानं किंवा जुनी पोती. आम्ही क्वाडवर आणतो तेव्हाही असंच करतो. आणि हो, तीन वर्षांनी सुद्धा मी ती विकणार नाही. फवारणीला सोडून दुसऱ्या कशाला वापरत नाही एवढंच.

सातमाळेकर

आठ महिन्यांनी धागा वर काढतोय.

वाटेला दीड नाही, एक लाख ऐंशी हजार गेले. जेसीबी सागामधून जाणारच नव्हता, त्यामुळे सगळं माणसांच्या हाताने. भिंतीचे दगड वरच्या उघड्या खडकातून फोडून आणले. सागापाशी आता कल अर्धा अंश. टेप, स्पिरिट लेव्हल घेऊन वडील स्वतः तीनदा मोजून आले, आधी मला हसत होते तेच.

जिप्सी घेतली. कापडी हूडची, सेकंडहँड, ३ लाख ९० हजारांना. गॅरेजवाल्या भाऊंना बरोबर नेलं होतं, दोन गाड्या त्यांनी चेसिसला हात लावूनच नाकारल्या. तिसरीचे कागद बघून म्हणाले, "हीच." हूड काढून चालवतो, छत नसलं की सागाचा प्रश्नच मिटतो. बिबट्याचा प्रश्न वाढतो, पण तो संध्याकाळनंतरचा, आम्ही पाचला खाली उतरतो.

या सीझनला बारा कॅरेट एका खेपेत. मी गाडी धरतो, भाऊ मागे कॅरेट धरून. पहिल्या दिवशी वरच्या वळणावरून उतरताना सवयीने ब्रेक दाबला, मागचा भाग हळूच बाजूला निघाला. पाय काढला, इंजिनाने धरलं, सरळ झाली. त्या वीस सेकंदांत भावाने पांडुरंगाला जे काही कबूल केलं, ते पुढच्या आषाढीला फेडावं लागणार आहे. त्यानंतर त्या वळणाआधीच लो, पहिला, आणि दोन्ही पाय वर. पंचवीस मिनिटांत खाली. क्वाड अजून डोक्यात आहे, पण आता झोपेत नाही.

डाव्या दाराला सागाची एक रेघ आलीच, पहिल्याच आठवड्यात. पुसली नाही.

आता पुढचा प्रश्न. कंपनीचे रस्त्याचे टायर काळ्या मातीत गुळगुळीत होतात, खाचा भरून जातात. पंधरा इंची, खोल खाचांचे, पण फार रुंद नकोत. गॅरेजवाले भाऊ, तुमच्याकडे काय आहे? आणि सागाच्या पानांवर काय चालतं, ते किनवटकर काकांनी सांगावं.

किनवटकर

पानांवर कोणताच टायर चालत नाही. खराटा ठेवा गाडीत.